कॉन नांवाचें कोडें

आज मी एका नांवाचा इतिहास सांगणार आहें. हें नांव कोणा राजाचें नव्हे, गांवाचें नव्हे, कीं एखाद्या ग्रंथाचेंहि नव्हे. सी, ओ, एन या तीन रोमन अक्षरांचें तें बनलें असून त्याचा उच्चार 'कॉन' असा करतात. आपल्या घरीं विंडोज पद्धतीवर चालणारा संगणक असेल, तर त्यावर एक नवें फोल्डर उघडावें व त्यास हें तीन अक्षरी नांव देण्याचा यत्न करून पाहावा. पुणें, पंढरपूर, बाबांचीं पत्रें, आईच्या पाककृति, कोणतेंहि नांव द्या, संगणक तें मुकाट्यानें स्वीकारतो. 'कॉन' म्हटलें कीं मात्र तो अडून बसतो. पूर्वींच्या आवृत्त्यांत तो कांहीं न बोलतां फोल्डरचें मूळचें नांव पुन्हां जागच्या जागीं मांडी. पुढें पुढें, हें उपकरणाचें नांव असून तें येथें चालणार नाहीं, अशा अर्थाचा निरोप तो देऊं लागला. तीच गत पी-आर-एन, ए-यू-एक्स व एन-यू-एल या नांवांची. आणि 'कॉम' किंवा 'एलपीटी' या अक्षरांपुढें १ पासून ९ पर्यंतचा एखादा आंकडा लिहिला, तर त्याचीहि.

या नकाराभोंवतीं आपल्या देशांत एक दंतकथा उभी राहिली. इसवी सन २००० नंतरच्या दशकांत ई-पत्रांतून ती घरोघर व कचेरी-कचेरींत फिरली. या नांवाचें फोल्डर संगणकावर कोठेंहि करतां येत नाहीं असा शोध एका भारतीयानें लावला, आणि असें कां होतें याचें उत्तर मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साऱ्या मंडळींना, खुद्द बिल गेट्स यांनाहि, देतां आलें नाहीं, असा त्या पत्राचा मतलब होता. कोणी त्यावर आणखी कळस चढविला: कॉन हें गेट्स यांचें लहानपणचें लाडकें नांव, म्हणून त्यांनीं तें स्वतःसाठीं राखून ठेविलें!

गंमत म्हणून ही गोष्ट ठीक आहे. परंतु ज्याचा जन्म शिक्षकाच्या पेशांत गेला, त्यास ती नुसती गंमत म्हणून सोडून देतां येत नाहीं. ज्या प्रश्नास उत्तर नाहीं, त्यास उत्तर नाहीं असें मुलांस सांगणें हा प्रामाणिकपणा होय. परंतु ज्या प्रश्नास सरळ, सुबोध व कागदोपत्रीं उपलब्ध असें उत्तर आहे, त्यास जगांतील थोर थोर लोकहि थकले असें सांगणें म्हणजे मुलाच्या जिज्ञासेच्या दारास बाहेरून कडी लावणें होय. आजच्या भाषणांत ती कडी काढण्याचा विचार आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घेऊं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत जुने कागद रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. संगणकांतील फाईल म्हणजे असा एक कागद, आणि फोल्डर म्हणजे तो रुमाल, असें समजा. परंतु कचेरींत केवळ कागदच नसतात. तेथें टपाल असतें, नकलनवीस असतो, रद्दीची टोपलीहि असते. 'हा मजकूर टपालांत द्या' असें साहेबानें कारकुनास सांगितलें, तर तो टपाल नांवाचा रुमाल शोधीत बसत नाहीं. पत्र पाकिटांत घालून रवाना करतो. टपाल हें कागदाचें नांव नव्हे, तें एका वाटेचें नांव आहे, हें त्यास ठाऊक असतें. आतां समजा, कोणी हौशी गृहस्थानें एका रुमालावरच 'टपाल' अशी चिठ्ठी चिकटविली. मग 'टपालांत द्या' म्हणजे रुमालांत ठेवा कीं गांवोगांव रवाना करा? अशी पंचाईत होऊं नये म्हणून शहाणा कारकून आरंभींच सांगेल कीं, रुमालास दुसरें हवें तें नांव द्या, एवढें एक देऊं नका. 'कॉन' या नांवाचें सगळें रहस्य इतकेंच आहे. तें रुमालाचें नांव नसून वाटेचें नांव आहे. तें केव्हां पडलें, कोणी पाडिलें, व तें आजवर कां टिकलें, हा इतिहास मात्र मनोरंजक आहे.

इंग्रजींत 'कन्सोल' म्हणजे यंत्र चालविणारा ज्या चौरंगापुढें बसतो तो चौरंग. कॉन हा त्या शब्दाचा संक्षेप. आज आपणांस पडदा व कळफलक यांवांचून संगणक कल्पितां येत नाहीं. परंतु १९७० च्या सुमारास पुष्कळ ठिकाणीं कन्सोल म्हणजे टेलिटाइप नांवाचें एक खडखडणारें यंत्र असे. त्यावर अक्षरें दाबलीं कीं तीं संगणकाकडे जात, आणि संगणकाचें उत्तर कागदाच्या गुंडाळीवर उमटे. टेलिटाइपचा ३३ क्रमांकाचा नमुना एका सेकंदास १० अक्षरें छापी. त्याच यंत्राच्या बगलेस कागदी फितीवर छिद्रें पाडण्याची व तीं छिद्रें वाचण्याची सोय जोडलेली असे. मजकूर सांठवावयाचा तो या फितीवर.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत माँटेरे येथें आरमाराचें एक उच्च विद्यालय आहे. तेथें गॅरी किल्डॉल नांवाचे अध्यापक होते. त्यांचा जन्म १९४२ सालीं सिॲटल येथें झाला. इंटेल कंपनीनें तेव्हां नुकत्याच काढलेल्या सूक्ष्म-प्रक्रियकांचें त्यांस वेड लागलें होतें. १९७४ सालीं त्यांनीं अशा लहान संगणकांसाठीं 'सीपी-एम' नांवाची ऑपरेटिंग सिस्टिम रचिली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा मुख्य कारभारी. फाइली ठेवणें-काढणें, यंत्रांस कामें वांटून देणें, हा सारा व्यवहार तिच्याकडे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लहान धंद्यांतील संगणकांवर या सीपी-एमचाच बोलबाला होता. फाईलचें नांव आठ अक्षरांचें व त्यापुढें तीन अक्षरांचें शेंपूट, ही मर्यादाहि त्यांत होती, आणि पुढें ती पुष्कळ वर्षें टिकली.

सीपी-एममध्यें 'पिप' नांवाचा एक नकलनवीस प्रोग्राम होता. त्याचें काम इकडचा मजकूर तिकडे नेण्याचें. कोठून कोठें हें त्यास सांगावें लागे, म्हणून उपकरणांस तीन-तीन अक्षरांचीं नांवें दिलीं होतीं. कॉन म्हणजे कन्सोल. आर-डी-आर म्हणजे फीत वाचणारें यंत्र. पी-यू-एन म्हणजे फितीवर छिद्रें पाडणारें यंत्र. एल-एस-टी म्हणजे यादी छापणारा प्रिंटर. याशिवाय पिपला पी-आर-एन हें नांव कळे. त्याचा अर्थ प्रिंटरच, परंतु ओळींवर क्रमांक घालून नीटनेटकें छापणारा. आणि एन-यू-एल हेंहि नांव तेथें होतें. त्यायोगें ४० शून्य-अक्षरें बाहेर पाठविलीं जात, म्हणजे कागदी फितीच्या टोकाशीं धरावयास कोरी जागा सुटे. ज्या नांवांवर आजचा संगणक अडून बसतो, त्यांपैकीं तीन नांवें अशा रीतीनें कागदी फितीच्या काळांतील आहेत.

परंतु एक गोष्ट येथें नीट पाहा. सीपी-एममध्यें या नांवांपुढें आपल्या विसर्गासारखीं दोन टिंबें देत असत. हीं दोन टिंबें म्हणजे उपकरणाच्या कपाळावरचा टिळाच. टिळा असेल तर उपकरण, नसेल तर साधी फाईल. त्यामुळें दोहोंची गफलत होण्याचें कारण नव्हतें. शिवाय ही ओळख पिपसारख्या प्रोग्रामांपुरती होती. मुख्य कारभाऱ्याच्या फाइलींच्या व्यवहाराशीं तिचा संबंध नव्हता. मग हा टिळा पुसला केव्हां?

१९८० सालीं सिॲटल येथील 'सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स' या लहानशा कंपनींत टिम पॅटर्सन नांवाचे तरुण इंजिनियर होते. इंटेलचा ८०८६ हा नवा प्रक्रियक बाजारांत आला होता, पण त्यावर चालणारी सीपी-एमची आवृत्ति तयार नव्हती. तेव्हां पॅटर्सन यांनीं स्वतःच एक सिस्टिम लिहिली. सीपी-एमचे प्रोग्राम फारशा खटपटीवांचून नव्या यंत्रावर आणतां यावेत, हा तिचा हेतु. म्हणून चालीरीति पुष्कळशा त्याच ठेविल्या. ती पुढें ८६-डॉस या नांवानें ओळखली गेली. त्याच सुमारास आयबीएम कंपनीस आपल्या येऊं घातलेल्या लहान संगणकासाठीं सिस्टिम हवी होती, व तें काम मायक्रोसॉफ्टनें पत्करिलें होतें. मायक्रोसॉफ्टनें जुलै १९८१ मध्यें ८६-डॉसचे सर्व हक्क विकत घेतले, आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर जाहीर झाला. आज जगभर जे विंडोजवर चालणारे संगणक दिसतात, त्यांचा वंश येथून सुरू होतो.

या डॉसमध्यें उपकरणांचीं नांवें मुख्य कारभाऱ्याच्याच ध्यानीं ठेविलीं गेलीं. कोणत्याहि प्रोग्रामनें एखादी फाईल उघडावयास सांगितली, कीं डॉस प्रथम आपल्या यादींत पाही: हें नांव कॉन आहे काय, प्रिंटर आहे काय, एन-यू-एल आहे काय? असेल तर चकतीकडे न जातां तो त्या उपकरणाकडे वळे. दोन टिंबांची सक्ती उरली नाहीं; दिलीं तरी चालत, न दिलीं तरी चालत. फीत वाचणारें व छिद्रें पाडणारें यंत्र मागें पडलें, आणि त्यांच्या जागीं 'ऑक्झिलियरी', म्हणजे साहाय्यक, या शब्दावरून ए-यू-एक्स हें नांव आलें. एन-यू-एलचा अर्थहि पालटला. तो आतां तळ नसलेला आड झाला. त्यांत टाकाल तें नाहींसें होतें, व त्यांतून कांहीं काढावयास जाल तर हातीं कांहीं लागत नाहीं.

ही योजना अडाणीपणाची होती असें कोणी समजूं नये. तिच्यांत मोठी सोय होती. फाइलींत मजकूर लिहिणें एवढेंच ज्या प्रोग्रामास ठाऊक, त्यास फाईलच्या नांवाऐवजीं पी-आर-एन असें सांगितलें, कीं त्याचा मजकूर आपोआप कागदावर छापला जाई. प्रोग्राम लिहिणाऱ्यानें प्रिंटरचा विचारहि केलेला नसे! तसेंच, घाईनें चार ओळींची फाईल करावयाची असली, तर 'कॉपी कॉन' असें लिहून पुढें फाईलचें नांव द्यावें, कळफलकावर मजकूर लिहावा, आणि शेवटीं कंट्रोलची कळ धरून झेड दाबावा, फाईल तयार. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे गल्लोगल्लीं संगणकाचे वर्ग निघाले, तेव्हां डॉसच्या आरंभींच्या धड्यांत हा प्रयोग शिकविला जात असे. ज्या पिढीनें 'कॉपी कॉन' हातानें लिहिलें, तीच पिढी पुढें 'कॉन'चें रहस्य कोणासहि ठाऊक नाहीं असें पत्र एकमेकांस धाडूं लागली, ही मौज आहे. पाठ होतें, पण अर्थ विचारला नव्हता. आपल्या शिक्षणांत असें पुष्कळ घडतें.

आणखी एक बारकावा. 'कॉन'च्या पुढें तीन अक्षरांचें शेंपूट जोडलें, तरीहि डॉस त्यास कन्सोलच समजे. वरवर पाहतां हा दुराग्रह वाटतो. पण त्यासहि कारण होतें. पुष्कळ प्रोग्राम दिलेल्या नांवास आपल्या मनानें शेंपूट जोडीत. त्यांस 'ही यादी मला नको, ती एन-यू-एलमध्यें टाका' असें सांगितलें, तर ते त्या नांवापुढेंहि शेंपूट लावून मोकळे होत. डॉसनें शेंपटाकडे पाहिलें असतें, तर नको असलेली यादी चकतीवर येऊन बसली असती. म्हणून शेंपटाकडे दुर्लक्ष करावयाचें, असा नियम ठरला.

आतां फोल्डरकडे वळूं. १९८१ च्या डॉसमध्यें फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपी चकतीवर १६० किलोबाइट एवढाच मजकूर मावे. तेवढ्याशा बोचक्यांत रुमाल कशाला हवेत? सगळ्या फाइली एका ओळींत असत. मग राखीव नांवें चार-सहा असलीं, तरी त्यांचें ओझें कोणास वाटत नव्हतें. पण मार्च १९८३ मध्यें आयबीएमचा एक्सटी हा संगणक व त्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ति आली. या यंत्रांत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. इतक्या जागेंत सगळे कागद मोकळे ठेवणें अशक्य झालें, आणि फोल्डर, ज्यास तेव्हां डिरेक्टरी म्हणत, अस्तित्वांत आलें.

येथें या इतिहासांतील खरा निर्णयाचा क्षण येतो. उपकरणांचीं नांवें कोणत्या फोल्डरमध्यें असावींत? अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून घडविलेल्या युनिक्स या सिस्टिममध्यें या प्रश्नाचें उत्तर आधींच मिळालें होतें. तेथें सर्व उपकरणें 'डेव्ह' नांवाच्या एका स्वतंत्र फोल्डरांत मांडलेलीं असतात. त्या दालनांत गेल्यावांचून त्यांची गांठ पडत नाहीं. इतर दालनांत कोणी कोणतेंहि नांव ठेवावें. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तींतहि हा मार्ग अगदीं अज्ञात नव्हता. तिच्या मांडणीच्या फाइलींत एक आडबाजूची ओळ घातली, तर उपकरणांचीं नांवें 'डेव्ह' या दालनापुरतींच राहत. परंतु ती सोय कोणी फारशी वापरली नाहीं, व पुढील आवृत्त्यांत ती काढून टाकण्यांत आली.

कां? कारण दोन वर्षांत जुने प्रोग्राम हजारों लोकांच्या हातीं गेले होते. त्या प्रोग्रामांस फोल्डर म्हणजे काय हेंच ठाऊक नव्हतें. ते जेथें उभे असत, तेथूनच 'प्रिंटर' म्हणून हांक मारीत. ती हांक कोणत्याहि फोल्डरमधून ऐकूं गेली पाहिजे, नाहींतर काल चालणारा प्रोग्राम आज बंद पडेल, आणि ज्यानें पदरचे पैसे मोडून तो घेतला तो बोटें मोडील. म्हणून असें ठरलें कीं, हीं नांवें प्रत्येक फोल्डरमध्यें आहेतच असें समजावें. कॉन नांवाचें नवें फोल्डर कां करतां येत नाहीं? कारण संगणकाच्या दृष्टीनें तें नांव तेथें आधींच घेतलेलें आहे. जागा रिकामी दिसते, पण ती रिकामी नाहीं.

पुढें डॉस मागें पडला. १९९३ मध्यें विंडोज एनटी ही सिस्टिम पायापासून नवी बांधण्यांत आली. तिच्या गाभ्यास कॉन हें नांव मुळींच टोंचत नाहीं, व तिची चकतीवरील मांडणी असलें फोल्डर खुशाल ठेवूं शकते. परंतु गाभा व प्रोग्राम यांच्यामध्यें एक दुभाष्या बसविलेला आहे. जुन्या प्रोग्रामांस दिलेला शब्द पाळण्याचें काम या दुभाष्याकडे असून, नांव गाभ्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं तोच तें अडवितो. आजच्या विंडोजचा वंश या एनटीपासून चालत आलेला आहे.

मधल्या काळांत या जुन्या वचनाची मोठी किंमतहि मोजावी लागली. विंडोज ९५ व ९८ या आवृत्त्यांत फाईलच्या वाटेंत राखीव नांव दोनदां आलें, उदाहरणार्थ कॉनच्या पोटांत कॉन, तर त्याचा अर्थ लावतां लावतां सगळी सिस्टिमच कोलमडून पडे. अशी वाट लिहिलेलें पान वा पत्र उघडलें तरी दुसऱ्याचा संगणक बंद पाडतां येई. मार्च २००० मध्यें मायक्रोसॉफ्टनें याची रीतसर सूचना प्रसिद्ध केली व दुरुस्ती दिली. या नांवांविषयीं कंपनीस कांहीं ठाऊक नव्हतें म्हणणारांनीं ही तारीख ध्यानीं धरावी. दंतकथा फोंफावली ती बव्हंशीं त्यानंतर!

आतां या बंदींतून वाट काढण्याच्या ज्या युक्त्या प्रसिद्ध आहेत, त्यांकडे पाहूं. त्या मुख्यतः दोन.

पहिली युक्ति अशी. फोल्डरला नांव देतांना कॉन हीं अक्षरें लिहावींत, मग ऑल्टची कळ दाबून धरून कळफलकाच्या उजवीकडील आंकड्यांच्या भागावर २५५ हा आंकडा लिहावा, किंवा ०१६० लिहावा, आणि कळ सोडावी. फोल्डर तयार होतें, व त्याखालीं कॉन असें नांव दिसतें. पाहणारास चमत्कार वाटतो. पण चमत्कार कांहीं नाहीं. या आंकड्यांनीं नांवाच्या शेवटीं एक अदृश्य अक्षर उमटलें. तें साध्या रिकाम्या जागेसारखें दिसतें, परंतु संगणकाच्या हिशेबीं तें स्वतंत्र अक्षर आहे. त्यामुळें हें नांव तीन अक्षरांचें नसून चार अक्षरांचें झालें. डोळ्यास सारखीं, पण वस्तुतः निराळीं! ही कॉनच्या फोल्डरची युक्ति नव्हे, ही आपल्या डोळ्यांस फसविण्याची युक्ति आहे.

दुसरी युक्ति खरी आहे. काळ्या पडद्याची जी आज्ञा-खिडकी असते, तींत फोल्डर करण्याची 'एमडी' ही आज्ञा लिहावी. मग डावीकडे झुकलेल्या दोन तिरप्या रेघा, एक टिंब वा प्रश्नचिन्ह, पुन्हां तशीच एक रेघ, आणि त्यापुढें चकतीच्या अक्षरासकट सबंध वाट लिहून शेवटीं कॉन हें नांव द्यावें. फोल्डर खरोखरच कॉन नांवाचें होतें. कारण या खुणेचा अर्थ दुभाष्यास असा कळतो कीं, पुढील शब्दांचा अर्थ लावूं नकोस; आहे तसे ते आंत पोंचते कर. आपल्याकडे पूर्वीं स्त्रिया पतीचें नांव एरवीं घेत नसत. पण उखाण्याच्या दोन ओळी पुढें ठेविल्या, कीं तेंच नांव भर पंगतींत मोकळेपणें घेतां येई. ही खूण म्हणजे संगणकाचा उखाणाच समजा. मात्र ज्यानें उखाण्यानें बांधलें, त्यानें तें उखाण्यानेंच मोडावें. असें फोल्डर नेहमींच्या रीतीनें उघडूं पाहिलें वा पुसूं पाहिलें, तर तें हट्टानें जागा सोडीत नाहीं. 'आरडी' या आज्ञेपुढें तीच खूण लिहून तें काढावें लागतें. म्हणून हा प्रयोग करणारानें तो रिकाम्या फोल्डरवर करावा, आपले महत्त्वाचे कागद त्यांत ठेवूं नयेत, आणि दुसऱ्याच्या संगणकावर तर तो मुळींच करूं नये.

या दुसऱ्या युक्तीनें दंतकथेचा निकाल लागतो. जी गोष्ट करण्याची वाट सिस्टिमनें स्वतःच ठेविली आहे, ती तिच्या निर्मात्यांस अगम्य होती हें कसें संभवेल? मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहिणारांसाठीं असलेल्या मार्गदर्शनांत हीं राखीव नांवें व ही खूण दोन्ही स्पष्ट लिहिलेलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर २०१४ मध्यें कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहास संग्रहालयानें मायक्रोसॉफ्टच्या संमतीनें डॉसच्या पहिल्या काळांतील मूळ लिखाण सर्वांस वाचावयास खुलें केलें. त्यांत हीं उपकरणांचीं नांवें एका छोट्याशा यादींत ओळीनें मांडलेलीं आढळतात. राहतां राहिलें गेट्स यांचें लाडकें नांव. कॉन हें नांव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी-एममध्यें होतें. आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीची स्थापना झाली १९७५ सालीं. जें नांव दुसऱ्याच्या घरून वारशानें आलें, तें आपलें टोपणनांव म्हणून राखून ठेवण्याचा प्रश्न येतोच कोठें?

त्याच ई-पत्रांत नोटपॅडचाहि एक चमत्कार असे. अनुक्रमें चार, तीन, तीन व पांच अक्षरांचे चार इंग्रजी शब्द लिहून फाईल ठेविली व पुन्हां उघडली, तर शब्दांच्या जागीं चिनी अक्षरें वा चौकोन दिसत. उत्तर येथेंहि सोपें होतें. नोटपॅड मजकुराचा लिपि-संकेत अंदाजानें ओळखी. शब्दांमधील जागा धरून तीं १८ चिन्हें होत. कांहीं वाक्यांपुरता तो अंदाज चुके, आणि दोन-दोन चिन्हांची एक जोडी धरून नऊ चिनी अक्षरें वाचलीं जात. पुढें विंडोज व्हिस्टाच्या वेळीं ही चूक दूर झाली. या साऱ्या चमत्कारांची जात एकच: उत्तर हातभर अंतरावर असतांना तें न शोधणें.

राखीव नांवें केवळ विंडोजलाच लागलेलीं आहेत असेंहि नव्हे. युनिक्सच्या घराण्यांत एक टिंब व दोन टिंबें हीं नांवें राखीव आहेत. पहिल्याचा अर्थ हें फोल्डर, दुसऱ्याचा अर्थ याच्या वरचें फोल्डर. नांवाच्या पोटांत उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ तेथें चालत नाहीं, कारण ती वाटेचे टप्पे दाखविते. ज्या ज्या व्यवस्थेंत नांवांवरून काम चालतें, तेथें कांहीं नांवें व्यवस्थेनें स्वतःसाठीं ठेविलेलीं असतातच. फरक इतकाच कीं, कोणी तीं एका दालनांत ठेवितो, कोणी साऱ्या वाड्यांत पसरतो. पसरल्याचा ताप अजूनहि होतो. लिनक्सच्या मूळ लिखाणांत ए-यू-एक्स या नांवाची, सी हें शेंपूट असलेली एक फाईल आहे. लिनक्सवर ती निर्वेध नांदते, पण तेंच लिखाण विंडोजवर उतरवून घेणारांस तिच्यापाशीं येऊन अडखळावें लागलें आहे.

श्रोतेहो, गॅरी किल्डॉल १९९४ सालीं वयाच्या ५२ व्या वर्षीं वारले. त्यांची सीपी-एम आज नित्य वापरांत नाहीं. ती ज्या यंत्रांवर चाले तीं यंत्रें संग्रहालयांत गेलीं. कागदी फीत तर आजच्या मुलांनीं पाहिलेलीहि नाहीं. पण त्या फितीच्या टोकाची कोरी जागा व त्या खडखडणाऱ्या चौरंगाचें नांव हीं दोन्ही आपल्या घरांतील संगणकांत अजून पाहऱ्यावर उभीं आहेत. इतिहास हा नेहमीं शिलालेखांत व ताम्रपटांतच असतो असें नाहीं. एखाद्या यंत्राच्या अकारण वाटणाऱ्या नकारांतहि तो दडून बसलेला असतो. घाईच्या दिवसांत एका तरुण इंजिनियरनें केलेली सोय, दोन वर्षांनीं जुन्या गिऱ्हाइकांस दुखवूं नये म्हणून घेतलेला निर्णय, आणि एकदां दिलेला शब्द मोडावयाचा नाहीं ही दशकानुदशकें चाललेली रीत. या तीन गोष्टी मिळून तो नकार बनला आहे. त्यांत गूढ कांहीं नाहीं. माणसांचा व्यवहार आहे, त्यांची दूरदृष्टि आहे आणि तिच्या मर्यादाहि आहेत.

म्हणून आपल्या घरचें मूल उद्यां येऊन विचारील कीं, या नांवाचें फोल्डर कां होत नाहीं, तर त्यास बिल गेट्सचीं लाडकीं नांवें सांगूं नका. त्यास टपालाचा व रुमालाचा दाखला सांगा, टेलिटाइपचें चित्र दाखवा, आणि १९७४, १९८१ व १९८३ हीं तीन सालें पाटीवर लिहून द्या. मग त्यास उखाण्याची युक्तीहि खुशाल शिकवा. ज्यास बंदीचें कारण कळलें, त्याच्या हातीं युक्ति दिल्यास भय नाहीं.